धुराच्या दिवसांतली सुलभा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गवार मोडणं. दुपारची वेळ होती. ताट मध्ये, ती शिरा काढायची, मी मोडायचो, आणि समोर टीव्हीवर अरबी बातम्या. त्यातला एक शब्द आम्हाला कळत नव्हता. तरी वत्सलाची नजर पडद्यावरून हलत नव्हती. गवार तिची बोटंच निवडत होती.

"आज सुलभाचं चित्त थाऱ्यावर नाही," बातम्या देणाऱ्या मुलीकडे बघत ती म्हणाली.

"तुला काय कळतंय?"

"सारखा कानाशी हात जातोय. घरी कोणी आजारी असेल."

"कानात यंत्र बसवलंय तिच्या. ते टोचत असेल."

"तुम्हाला जगात सगळं टोचतंच," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली शेंग काढून घेऊन तिची राहिलेली शीर ओढली.

गवार झाली. सुलभा पडद्यावरून गेली आणि नुसतं घड्याळ आलं. वत्सला गुडघ्यावर हात ठेवून उठली. "जरा आडवी होते," म्हणाली, "सुलभा परत आली की हाक मारा."

सुलभा परत आली. मी हाक मारली.

त्या गवारीची भाजी कुणी केली नाही. कुणी टाकून दिली तेही मला माहीत नाही.

यंदा पुन्हा धूर आलाय, म्हणून हे सगळं वर आलं. सिंगापूरला पाऊस बाराही महिने पडतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. इथला खरा मोसम धुराचा. समुद्रापलीकडे जंगलं पेटतात, वारा इकडे फिरला की सगळा धूर आमच्या बिशानच्या इमारतींत शिरतो. समोरचा ब्लॉक दिसेनासा होतो. सूर्य म्हणजे नुसती तांबडी टिकली. आमची सून अश्विनी सकाळी उठली की आधी फोनमध्ये धुराचा आकडा बघते आणि मग ठरतं, नात शाळेत जाणार की नाही, मी खाली कट्ट्यावर जायचं की नाही. इथे इमारतीखाली मोकळी जागा असते, तिथे म्हातारी माणसं बसतात. आकडा वाढला की तीही बंद.

मला तो वास आवडतो. खोटं कशाला बोलू? पुण्याला लष्कर भागात मी जन्मभर बेकरीत भट्टीपुढे काम केलं. चौथीत शाळा सुटली ती भट्टीनंच सोडवली. पहाटे ओलं लाकूड पेटवलं की पहिला धूर असाच यायचा, घशात जरा गोड आणि मग कडू. वत्सला होती त्या वर्षी इथे बाकीची माणसं तोंडाला फडकी बांधून फिरायची, आणि मी खिडकीची फट उघडून उभा राहायचो. वत्सला मागून येऊन खिडकी लावायची. "लोक फुलं हुंगतात," म्हणायची, "आमच्या घरात हा नमुना." मग दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावायची. लावता लावता म्हणायची, "तुमचे शर्ट धुऊन धुऊन मला या वासाची सवय झालीय, नाहीतर मी कधीच पुण्याला गेले असते."

त्या वर्षी आम्ही नितीनकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, नातीला सांभाळायला आलो होतो. नितीनचं ऑफिस आंग मो किओला, कारखान्यांच्या वसाहतीत. परदेशातली एक मोठी बातम्यांची कंपनी. इंग्रजीतलं त्यांचं चॅनेल जगभर चालायचं, आता अरबीतलं काढणार होते. बोलणारी माणसं तिकडे, अरबांच्या मुलखात. पण पडद्यावर जे काही हलतं, नाव येतं, पट्टी पळते, नकाशा फिरतो, ती सगळी यंत्रणा नितीनच्या लोकांनी इथे बसून बनवलेली. हे मला त्यानं चार वेळा समजावलं. पाचव्यांदा मी समजल्यासारखं केलं.

एवढं मात्र नीट समजलं की चॅनेल सुरू होण्याआधी दीड-दोन महिने ते रोज तालीम करतात. खरा स्टुडिओ, खरे दिवे, माणसं नटूनथटून बसणार, बातम्या देणार, आणि बघायला कुणी नाही. मुद्दाम अडचणी आणतात म्हणे. मधेच दिवा घालवतात, चुकीचं चित्र लावतात, आणि बोलणाऱ्यानं चेहरा न हलवता पुढे जायचं. नितीननं घरी एक काळी डबी आणून टीव्हीला जोडली. तिच्यात ती तालीम दिसायची. आईला म्हणाला, "आई, तू घरीच असतेस. हे चालू ठेवायचं. पडदा काळा झाला तर मला फोन करायचा. बस."

त्याचा हेतू काय होता ते मला ठाऊक आहे. धुरानं कोंडलेल्या आईला काहीतरी करमणूक. त्याच्या ऑफिसात काळा पडदा बघायला माणसं होतीच. पण वत्सलानं ती नोकरी समजून घेतली. जेवायला बसली तरी ताट टीव्हीसमोर. आंघोळीला जाताना मला बसवून जायची, "डोळा लागू देऊ नका," अशी ताकीद देऊन.

तालमीतल्या माणसांना तिनं नावं ठेवली. एक पोक्त गृहस्थ, चष्मेवाला, तो मास्तर. आणि ती जाड भुवयांची मुलगी, ती सुलभा. वत्सलाच्या भावाची मुलगी सुलभा फलटणला असते, तिच्यासारखी दिसते म्हणे. मला कुठल्याच बाजूनं दिसली नाही.

"नाक बघा ना," वत्सला म्हणायची.

"नाक सगळ्यांना असतं."

"तुम्ही माझ्याकडे तरी कधी नीट बघितलंय का, नाक ओळखायला?"

बातम्या शिळ्या असायच्या. एकच पूर सोमवारी यायचा, तोच बुधवारी. मी वैतागायचो. "अगं, कालचीच माणसं आजही छपरावर बसलीत, कुणी उतरवलं नाही त्यांना." ती म्हणायची, "भट्टी नीट तापेपर्यंत पहिला घाणा तुम्ही फेकून देत होतात ना? तसंच हे. हात बसवतायत." आणि खरंच, तिला त्यातला फरक दिसायचा. पहिल्या आठवड्यात सुलभा कागद उलटताना घाबरायची. नंतर घाबरेनाशी झाली. एकदा तिच्या मागचं चित्रच गेलं, नुसती निळी भिंत राहिली, तरी ती बोलत राहिली. तेव्हा वत्सलानं इथे बिशानमध्ये टाळ्या वाजवल्या. आमची नात ईरा अभ्यास सोडून धावत आली. "आज्जी, she cannot hear you lah!" वत्सला म्हणाली, "न ऐकू दे. पाठीवर कुणी हात ठेवला की न बघताही कळतं."

एक गोष्ट तिला त्या चॅनेलची फार आवडली. त्यांचं लिहिणं उजवीकडून सुरू होतं, म्हणून पडद्यावरचं सगळंच आपल्या उलट. पट्टी उलटी पळते. आपल्याकडे डावीकडे असतं ते तिकडे उजवीकडे. नितीन म्हणायचा, सगळ्यात डोकेदुखी तीच, जणू अख्खं घर आरशात बघून पुन्हा बांधायचं. वत्सला डावखुरी. लहानपणी शाळेत तिनं पाटीवर उजव्या टोकापासून लिहायला घेतलं होतं, गुरुजींनी बोटांवर छडी मारली आणि घरच्यांनी डावा हात कमरेला बांधला. शाळा तिची दुसरीतच संपली. त्या पट्टीकडे बघत ती एकदा म्हणाली, "बघा, एवढा मोठा मुलूख माझ्यासारखं लिहितो. गुरुजींना कुणी कळवलं नाही." हसत म्हणाली. मी बोटं बघितली तिची. गवार, कांदा, शेवया, सगळं ती डाव्या हातानंच करायची, पण वाढायची उजव्यानं. त्या बांधलेल्या हातानं एवढं मात्र पाळलं होतं.

दसऱ्याला तिनं जो घोटाळा केला तो आमच्या घरातच होऊ शकतो. दसऱ्याला हत्यारांची पूजा. बेकरीत मी पाव काढायच्या लांब दांड्याच्या फावड्याची करायचो. इथे हत्यार कुठलं? वत्सलानं अश्विनीचा लॅपटॉप, ईराचा कंपास आणि ती काळी डबी मांडली. हळद-कुंकू, अक्षता, आणि लिटिल इंडियातून आणलेल्या झेंडूचा हार. बाकीच्यांना एकेक फूल. डबीला मात्र अख्खा हार, दोन वेढे देऊन. कारण ती नोकरीची.

दुपारपर्यंत डबी तापून बंद पडली. तिची हवा खेळायची भोकं झेंडूनं बुजली होती. पडदा काळा. आता नोकरी म्हणजे नोकरी, तिनं लगेच फोन लावला. "नितीन, काळं झालं रे."

तिकडे धावपळ. आपल्याकडूनच गेलं की काय, म्हणून चार जणांनी चार ठिकाणी बघितलं. सगळीकडे चित्र चालू. मग नितीननं विचारलं, "आई, डबीला हात लावलास?"

"हात कशाला लावीन? पूजा केली फक्त."

"कसली पूजा?"

"दसरा आहे ना आज. हार घातला."

हार काढल्यावर डबी निवली आणि चालू झाली, पण पलीकडे फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावलेला होता. नितीनला इंग्रजीत सांगावं लागलं की त्याच्या आईनं यंत्राला हार घातला. त्याची मोठी साहेब चिनी बाई. मला वाटलं आता पोराची खरडपट्टी. ती म्हणाली, बरोबर आहे, आपणच विसरलो. दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसातल्या मोठ्या यंत्राच्या कपाटासमोर ताटलीत संत्री मांडली. समोर, जरा लांब. नितीननं फोटो आणून दाखवला. वत्सला किती वेळ बघत होती. म्हणाली, "बाई शहाणी आहे. लांब ठेवलीत."

चॅनेल सुरू व्हायचं होतं दिवाळीच्या आधी. त्याच्या थोडेच दिवस आधी ती गवारीची दुपार झाली.

डॉक्टर म्हणाले हृदय. झोपेतच. इथल्या स्मशानाला मंडाई म्हणतात. आमच्या पुण्याच्या मंडईत तिनं आयुष्यभर भाजी घेतली, आणि इथल्या मंडाईत आम्ही तिला सोडून आलो. धूर तेव्हाही होता. कुठला कुठला ते कळत नव्हतं.

नितीन एकुलता. क्रिया त्यानंच करायची. चटईवर बसला होता, डोकं भादरलेलं, फोन पालथा घातलेला. फोन सारखा थरथरायचा. तो उचलायचा, बघायचा, परत पालथा घालायचा. साहेबबाईनं सांगितलं होतं, येऊ नकोस, घर बघ, आम्ही करू. पण दीड वर्ष त्यानं ज्याच्यावर घालवलं ते चॅनेल सुतकातच सुरू होणार होतं. त्या दिवशी दुपारी मी त्याला म्हणालो, "जा."

"आबा, मावशी म्हणते कर्त्यानं उंबरा ओलांडायचा नाही."

"लिफ्टला कुठला उंबरा? मावशीला मी बघतो."

"मी इथेच बसलेय, दाजी," शकू म्हणाली. "मला काय बघताय?"

शकू म्हणजे वत्सलाची धाकटी बहीण. तिची मुलगी क्लेमेंटीला खोली घेऊन विद्यापीठात संशोधन करते, तिच्याकडे ती आली होती. बहीण गेल्यावर पिशवी घेऊन आमच्याकडे राहायला आली. वत्सलासारखाच आवाज. आतल्या खोलीतून बोलली की मला उठून जावंसं वाटायचं.

मी म्हणालो, "शकू, तुझी बहीण या चॅनेलपायी महिनाभर टीव्हीपुढे बसली. पोरगा आज इथे चटईवर बसून राहिला तर तिला बरं वाटेल का?"

शकू म्हणाली, "जाऊ दे त्याला. पोटाचं काम आहे, कुणी काही म्हणणार नाही."

नितीन तसाच निघाला, चपला हातात घेऊन, लिफ्टपाशी गेल्यावर घातल्या.

"आणि संध्याकाळी मी टीव्ही लावणार आहे," मी म्हणालो.

"दाजी!" शकू उठून बसली. "सुतकात टीव्ही? दिवा जळतोय तिच्या नावाचा तिथे."

"दिवा जळू दे. टीव्ही दुसऱ्या भिंतीला आहे."

"तुम्हाला नाही कोणी बोलणार. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं? बोल लागेल तो या पोरीला." तिनं स्वयंपाकघराकडे हात केला. "सून शिकलेली, परदेशात राहणारी. सासूची राख निवली नाही आणि हिनं टीव्ही लावला, असंच म्हणतील. मी आपणहून सांगणार नाही. पण फलटणहून रोज फोन येतात. कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

अश्विनी दारात येऊन उभी राहिली. रडून रडून डोळे सुजलेले. वत्सलाचं आणि तिचं गूळपीठ होतं असं नाही. पोळी जाड की पातळ यावरून दोघी दोन दोन दिवस अबोला धरायच्या. पण त्या दिवशी सकाळी मी तिला वत्सलाच्या साडीचा पदर नाकाशी धरून उभं असलेलं बघितलं होतं. ती म्हणाली, "नको आबा. नितीन गेला ते पुरे. मावशी म्हणतात ते खरं आहे. मला पुढे त्याच नातेवाइकांत वावरायचंय."

आता सांगा, मी काय करायचं होतं? एकीकडे बायको, जिनं तालीम सगळी बघितली आणि खेळ बघायचा राहिला. दुसरीकडे सून, जिला माझ्यापायी जन्मभर बोल लागायचा. मी अख्खी दुपार वत्सलाच्या जागेवर बसून राहिलो. काळा पडदा बघत.

दिवेलागणीला मी उठून टीव्ही लावला.

म्हणजे लावायला गेलो. रिमोट नेहमी वत्सलाच्या हातात असायचा. मी कुठलं तरी बटण दाबलं, पडद्यावर बर्फासारखं काहीतरी आलं. दुसरं दाबलं तर चिनी बाई स्वयंपाक करायला लागली. शकू टीव्हीकडे पाठ करून बसली. अश्विनी दारातच होती. मी तिला म्हणालो, "तू हात लावायचा नाहीस. तिथेच उभी राहा." ती तिथनंच म्हणाली, "आबा, दुसरा रिमोट. काळा." ईरा म्हणाली, "Not that one, आबा, the small one lah!" असं करत करत एकदाचं लागलं.

पडद्यावर घड्याळ. मग घड्याळही गेलं. मग एक मोठा आवाज झाला, पृथ्वीचा गोल गरगर फिरला, आणि सुलभा.

रोजचा करडा कोट नव्हता. गडद निळा होता. केस वर बांधलेले. एक क्षण ती नुसती बघत राहिली, आणि मग बोलली. तालमीत रोज बोलायची तेच बोलली असेल, मला काय कळणार? पण आवाज निराळा होता. भट्टीचं दार पहिल्यांदा उघडताना वाफ येते तसा.

शकू पाठमोरीच म्हणाली, "हीच का ती?"

"हीच."

थोड्या वेळानं ती वळली. पदरानं डोळे पुसत बघत राहिली. "आपल्या सुलभासारखी कुठे आहे ही? ताईचं काहीतरीच."

"नाक बघ," मी म्हणालो.

"काय म्हणतेय पण?"

वत्सलानं काय सांगितलं असतं ते मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "दमलीय. रात्रभर झोपलेली नाही. पण आज घाबरली नाही बघ."

अश्विनी येऊन शकूच्या शेजारी जमिनीवर बसली. शकूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. आम्ही सगळ्यांनी मिळून अख्ख्या बातम्या बघितल्या, मास्तरांसकट. त्यांचा टाय वाकडा होता. ते वत्सलानं तिथल्या तिथे सांगितलं असतं.

आता त्याला वर्षं झाली. चॅनेल चालू आहे. डबी नितीननं ऑफिसला परत केली. मध्यंतरी तो मला अरब स्ट्रीटला जेवायला घेऊन गेला होता. तिथे भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीवर सुलभा. चष्मा लागलाय तिला. गाल भरलेत. मूलबाळ झालं असावं. मी वाढणाऱ्या पोराला हिंदीत म्हणालो, "ये हमारे पहचान की है." त्याला वाटलं म्हातारा भ्रमलाय. त्यानं मला आणखी एक रोटी आणून दिली, पैसे न लावता. रोटी बरी होती. भट्टी जरा कमी तापलेली.

धूर आला की लोक खिडक्या लावतात. मी अजून फट उघडतो. मागून कोणी येत नाही, मग थोड्या वेळानं माझी मीच लावतो.

पण ती सकाळ सांगायची राहिली, चॅनेल सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. नितीन उजाडताना परत आला, आंघोळ करून चटईवर पडला तो मेल्यासारखा झोपला. शकू चहा करत होती. मी अश्विनीला म्हणालो, "फोन आण. फलटणला दादाला लाव."

दादा माझा थोरला भाऊ. आमच्या भावकीत त्याचा शब्द मोडत नाहीत. त्याच्या कानावर गेलं की सगळीकडे जातं. तिकडे अजून उजाडलं नव्हतं, पण तो त्या वेळी उठलेला असतो.

"दादा," मी म्हणालो, "काल संध्याकाळी मी घरात टीव्ही लावला. सुतकात. माझ्या हातानं लावला. अश्विनी नको म्हणत होती, तिनं रिमोटला बोट लावलं नाही. कुणी काही बोललं तर मला बोलायचं."

मी फोन कानाला दाबून धरला. अश्विनी समोर उभी, तोंडावर हात ठेवून.

"नितीनचं ते?" दादा म्हणाला. "अरबी?"

"हो."

"वत्सला मला दर फोनला सांगायची त्याचं." तो खाकरला. "नीट झालं का पोराचं काम?"

"झालं."

"मग झालं तर," दादा म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

मी फोन अश्विनीच्या हातात दिला. "आता माझ्या बहिणीला लाव. मग तुझ्या आईला. मग वत्सलाच्या भावाला."

"पुरे आबा," ती म्हणाली. "दादांना कळलं ना."

"पुरे नाही. मी एकेकाला सांगणार. लाव."

तिनं डोळे पुसले आणि पुढचा नंबर लावला.